पुसलेला व्हिडिओ

"रिसायकल बिनसुद्धा रिकामी केलीस," हेमांगी म्हणाली, "पण असं पुसून काही जात नाही, दादा."

फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर संगणक चाळत होतं. शेवटच्या आजारपणात आईचा तिने काढलेला व्हिडिओ दीनानाथने पुसून टाकला होता. 'माझा थोरला भेटायलासुद्धा आला नाही,' असं आई त्यात म्हणाली होती. उद्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमणार होते आणि हेमांगीला ते त्यांना ऐकवायचंच होतं.

"मी अर्धाच ऐकला. पुढे ऐकवेना, म्हणून पुसला," दीनानाथ म्हणाला. "नको काढूस तो."

"का? लाज वाटते?"

फाइल सापडली. तिने लगेच ती उघडली. आईचा सुकलेला चेहरा पडद्यावर आला. आपलं गाऱ्हाणं सांगता सांगता आई थांबली आणि कॅमेऱ्याच्या मागे पाहत तिने विचारलं, "खरंच एकदाही आला नाही का गं दिनू?"

"नाही आई. त्याला कुठली सवड," असं उत्तर आलं. आवाज हेमांगीचा होता.

आपण हे बोललो होतो, हे ती साफ विसरून गेली होती. डबा घेऊन आलेल्या भावाला, आई झोपलीय म्हणून तिनेच वॉर्डच्या दारातून परत पाठवलं होतं. जुन्या भांडणाचा राग होता तो.

व्हिडिओ थांबवायला तिने माउसकडे हात नेला. दीनानाथने तिचा हात बाजूला सारला, आवाज वाढवला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.