उलटी फेरी

“बाण दिसत नाही का तुम्हाला?”

अनिमेषने बंधाऱ्याच्या तोंडाशीच प्रमोदिनीबाईंना अडवलं. समोरच्या टॉवरमध्ये राहणारा अनिमेष हा तळ्यावरच्या वॉकर्स ग्रुपचा सेक्रेटरी. बाण त्यानेच रंगवून घेतला होता. सगळ्यांनी तळं उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे बंधाऱ्याच्या अरुंद भिंतीवर कोणी कोणाला धडकणार नाही. सगळे तसेच चालत. प्रमोदिनीबाई उलट्या.

“दिसतो की,” त्या म्हणाल्या. “रंगही छान आहे.”

“मग वळा मागे.”

“हे देऊळ आहे का, नेमाने प्रदक्षिणा घालायला?”

“आणि पडलात म्हणजे? डावा गुडघा आधीच तुमचा...” तो थांबला. “नियम तो नियम.”

“पडले तर मी पडेन. तुमचा बाण नाही पडायचा.”

मागची मंडळी बूट घट्ट करायच्या निमित्ताने थांबली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो? त्याने एक दिलं की बाई दोन परत करत, पण भांडण पुरतं कधी मिटवत नसत. विरजणासारखं चमचाभर उद्याला राखून ठेवत.

“ताई, एक विचारू?” रोज त्यांच्या मागून रेंगाळत येणारी कलावती म्हणाली. “मानपाड्याहून रिक्षा बदलत इथे आंबिवलीला यायचं, ते काय ह्या माणसाचं तोंड बघायला? तिकडे बागा नाहीत काय?”

“बागेत बंधारा नसतो,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

गणपती गेले, नवरात्र आलं, तोवर निम्मी मंडळी उलटी फिरू लागली होती. काहींना तत्त्व पटलं होतं. एकाला जन्मात बायकोला ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं; तो बाणाला म्हणू लागला.

मग अनिमेषने जाहीर केलं, रविवारी मीटिंग. नियम न पाळणाऱ्याला गेटवरच अडवायचं.

“गेट बंद केलं तर काय कराल?” कलावतीने विचारलं.

बाईंनी कुंपणाची उंची नजरेने मोजली. “कुंपणावरून येईन,” त्या म्हणाल्या. “पण येईन.”

रविवारी जांभळाखाली सगळे जमले. ग्रुपमधले सर्वांत वडील सीतारामकाका. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जांभई दिली. “अरे, बाण एक, माणसं एवढी. पुसून टाक ना तो. ज्याला जसं फिरायचं तसं फिरू दे.”

भराभर हात वर झाले. टाळ्या पडल्या. अनिमेष खाली बघत “ठीक आहे” म्हणाला आणि निघून गेला.

“जिंकलात, ताई,” कलावती म्हणाली. “मग तोंड का उतरलं?”

“ऊन लागलं.”

ऊन अजून झाडाखाली पोचायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाणावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवलेला होता. बंधाऱ्यावर अनिमेष समोरून आला. बाजूला सरकला, बाईंना वाट दिली आणि अवाक्षर न काढता पुढे गेला. पुढच्या फेरीलाही तसंच.

बंधाऱ्याखालच्या उतारावर तेरडा नुसता गुलाबी झाला होता, मधून मधून सोनकीचा पिवळा. प्रमोदिनीबाई उतारावर गेल्या, पदर खोचला आणि मुठी भरभरून फुलं तोडू लागल्या.

“अहो ताई, बोर्ड वाचा,” कलावती घाबरून कुजबुजली. “फुलं तोडायला मनाई आहे.”

“वाचलाय,” बाई म्हणाल्या, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात.

अनिमेष वाट सोडून सरळ झुडपांतून आला. भिंतीवर मंडळी जमली. आज काहीतरी मोठं होणार हे सगळ्यांनी ताडलं होतं. बाईंनी आणखी एक मूठ तोडली आणि हनुवटी वर करून उभ्या राहिल्या.

तो फुलांकडे बघतच नव्हता.

“आई, पुरे आता. घरी चल,” तो म्हणाला. “पोरगी रोज खिडकीतून विचारते, ती उलटी फिरणारी आजी कोण म्हणून.”