एक तास पन्नास मिनिटं

"बाळाची नखं विमानतळावरच काप, मग बस," सासूबाई म्हणाल्या होत्या. साफसफाईच्या कामासाठी त्यांनी आठ वर्षं पोलंडमधल्या ग्दान्स्कहून नॉर्वेतल्या बर्गनला ये-जा केली होती.

"आई, परवाच कापलीत. हजार किलोमीटर तर जायचंय. एक तास पन्नास मिनिटं."

"ती घड्याळाची, सूनबाई."

मी हसले आणि माझ्या तान्ह्या होनोरताला घेऊन विमानात चढले.

शेजारी एक जाडजूड वेल्डर होता. विमान वर जाताच त्याने घरचं उकडलेलं अंडं सोललं. "पोरगी रडली तर अर्धं तिला," तो म्हणाला. त्याची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती. आई झाल्यापासून मी कुणाचेही आधी हातच बघते.

होनोरता माझ्या कुशीत झोपून गेली. विमान अगदी वेळेवर उतरलं.

चाकं टेकताच आमच्या लोकांच्या सवयीप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आवाज मात्र तळव्यांचा आला नाही. वाळक्या शेंगांसारखा खडखडाट झाला. वेल्डरची पिवळी, जाड नखं वाकून तळव्याकडे वळली होती आणि त्यांच्याखाली अंड्याचा बलक सडून काळा पडला होता.

"पोचलो एकदाचे," तो म्हणाला आणि नखानेच दात कोरू लागला.

होनोरताही टाळ्या वाजवत होती.

आज तिसरा दिवस. दर दुधाच्या वेळी मी तिची पुन्हा वाढून वळलेली नखं कापते. डब्यात पडलेले तुकडे ओलसर असतात, त्यांना आंबूस वास येतो.

तुमच्या घरी त्या विमानाने आलेलं तान्हं बाळ असेल, तर आत्ता उठून त्याला बघून या. ते डोळे चोळत असेल.