कॅराव्हॅनचं बाथरूम

कानिफनाथांनी खाली वाकून बाथरूमच्या तळाचं प्लाय चाचपलं. पुन्हा ओलं.

काल त्यांनी पाणी जायच्या जाळीत बोळा कोंबून आत घोटाभर पाणी भरून ठेवलं होतं. आज ते चांगलंच उतरलं होतं. कोपऱ्यातून कुठूनतरी झिरपत होतं, पण नेमकं कुठून ते सापडत नव्हतं.

सावेडीतल्या घरासमोर उभी असलेली ही जुनी कॅराव्हॅन, म्हणजे जीपमागं ओढायची खोली, त्यांच्या ओंकारनं भंगारातून आणली होती. पत्रा, खिडक्या, पलंग, ओटा, सगळं त्यानं आपल्या हातानं नवं केलं. "पप्पा, बाथरूम तेवढं तुमच्याकडं," म्हणाला होता. मग गेल्या पावसाळ्यात घाटातल्या अपघातात तो गेला आणि बाथरूम तसंच राहिलं.

कानिफनाथ नागापूरच्या कारखान्यात जन्मभर पाइप जोडत आलेले. त्यांनी जोडलेला पाइप गळाला, असं कधी झालं नव्हतं. इथं मात्र फायबरची शीट बदलून झाली, कोपऱ्यांत जाळीचं कापड बसवून लेप दिला, वरून सिलिकॉन भरलं. दर वेळी वाटायचं, जमलं. दुपारी जरा डोळा लागून उठावं, तर खालून थेंब ठिबकत असायचा.

अन्नावरची वासना उडाली. सिलिकॉनची रेघ वाकडी जायची. एकदा ते तिथंच ओल्यात बसून ढसाढसा रडले.

शेजारचे गोरक्षनाथ विचारायचे, झाल्यावर निघणार कुठं?

"लांब," ते म्हणायचे. "पोराचं एवढं काम निभलं, की मी मोकळा."

निघायची तयारी मात्र त्यांनी मन लावून चालवली होती. स्कूटर भाच्याला देऊन टाकली. बँकेच्या खात्याला बायकोचं, राहीबाईंचं नाव लावलं. वीजबिल मोबाईलवरून कसं भरायचं, टाकीची मोटर अडकली तर काय करायचं, हे ते राहीबाईंना रोज समजावत. बाईमाणसाला सगळं यायला हवं, म्हणत. एरवी एकदा ऐकलेलं न विसरणाऱ्या राहीबाई हल्ली रोज विसरत. उद्या परत सांगा, म्हणत.

आता एकच उपाय उरला होता. कारखान्यातल्या टाक्यांना आतून लावतात तो लेप. तो आणायला ते जेवण उरकून रिक्षानं नागापूरला निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. तसेच माघारी फिरले.

कॅराव्हॅनचं दार उघडं होतं. आत राहीबाई कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. हातात पेचकस. सकाळीच भरलेलं सिलिकॉन त्या सावकाश, शिवण उसवावी तसं उकरत होत्या.

कानिफनाथ दारातच थांबले.

"का गं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

राहीबाई दचकल्या नाहीत. पेचकसही लपवला नाही. उकरलेला तुकडा त्यांनी ओढून काढला आणि मग वर पाहिलं.

"ओंकारच्या मागं निघालाय तुमी," त्या म्हणाल्या. "मी हे कोरडं हू देनार न्हाई."