शेवटची पाचर

"कमान पक्की आहे हो," किर्झे गवंडी घाम पुसत म्हणाला, "पण माझं लग्न परवाच झालंय!"

गाव हसलं, पण पुढे कुणी सरकेना. सहकारी वायनरीच्या दर्शनी कमानीखालचा लाकडी सांगाडा आता एकाच पाचरीवर तोलून होता. कुणीतरी खाली जाऊन ती ठोकून काढली की कळणार होतं, बिस्किटासारख्या पातळ विटांची ही कमान उभी राहते की नाही. त्या विटा रेमेईने आणि गावातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. कमान कोसळली तर सहकारही कोसळणार, आणि सगळ्यांची द्राक्षं पुन्हा फ्रुइतोस मालकांच्या कोठारात जाणार, ते म्हणतील त्या भावाने. त्या कोठाराचं दार मुद्दामच बुटकं ठेवलेलं. कुळाने वाकूनच आत शिरायचं.

मालक स्वतः मजा बघायला आले होते, थेट कमानीच्या तोंडाशी. "तारागोना शहरापर्यंत हसं होणार आहे तुमचं," ते छडी फिरवत म्हणाले. "सुगीला भेटूच. माझं दार कुठे आहे ते ठाऊक आहे ना सगळ्यांना?"

रेमेईच्या नवऱ्याने, ब्लायने, किर्झेच्या हातातला हातोडा काढून घेतला.

तिने त्याची बाही धरली. "अहो, गुडघे बघा आपले! पळता तरी येणार आहे का?"

"म्हणून तर मी जातो. पळायचा मोहच नको."

तो कमानीखाली गेला आणि मध्यावर पोचताच कमरेत वाकला.

"बघा, बघा!" मालक खो खो हसले. "एवढं उंच दार बांधलं, तरी म्हातारा वाकलाच! सवय जाते होय?"

रेमेईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे वाकणं तिने जन्मभर पाहिलं होतं आणि जन्मभर तिला त्याची चीड होती.

तेवढ्यात हातोड्याचा घाव ऐकू आला.

सांगाडा वीतभर खाली आदळला. धुळीचा लोट उठला, बायका किंचाळल्या. रेमेई डोळे गच्च मिटून जागच्या जागी उभी राहिली.

धूळ बसली तेव्हा कमान होती तिथेच होती. तिच्याखाली ब्लाय ताठ उभा होता, हातात जमिनीलगतची ती पाचर. आणि कमानीच्या तोंडाशी फ्रुइतोस मालक दोन्ही हातांनी डोकं झाकून पार दुमडले होते.

मालकांसमोर नेहमी उतरणारी डोक्यावरची टोपी ब्लायने आज काढली नाही.

"वाकू नका, मालक," तो म्हणाला. "आमचं दार उंच आहे."