तुमचं कोण बसलंय?

लॉच्या प्रवेशपरीक्षेला मोबाईल आत नेता येत नाही. एकट्या आलेल्या मुलांची फाटकाशी धांदल उडाली, तशा झाडाखाली बसलेल्या शालनकाकू म्हणाल्या, "द्या रे इकडे. पेपर सुटेपर्यंत मी इथून हलत नाही."

बघता बघता काकूंची मांडी भरून गेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचं कोण बसलंय?"

"आता कुणी नाही. लेक बसली होती, त्याला झाली बरीच वर्षं. दिल्लीत मोठी वकील आहे. फोनला सवड होत नाही तिला."

पेपर सुटला. मांडी रिकामी होत गेली. शेवटच्या मुलीचा मोबाईल देऊन काकू चप्पल शोधायला वाकल्या, तोच पाठीमागून आवाज आला, "आई, मस्त गेला गं पेपर!"

"वाटलंच होतं मला!" म्हणत त्या वळल्या.

मोबाईल कानाला लावून मुलगी रस्त्याला लागली होती.