अकरा पोचपावत्या

“आकडा पाठवला होतास की नाही, तेवढं बोल!” गावाचा कारभार बघणारा चीफ ओरडला.

आंब्याखाली अख्खं गाव जमलं होतं, चिखलानं बरबटलेलं. रविवारी संध्याकाळी नझोया नदीनं बांध फोडला, साठ घरं गेली, आणि इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही.

“पाठवला,” नेखेसा म्हणाली. नदीतल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते वाचून मोबाईलवरून कळवायचं, हे तिचं काम.

“बुसा ढोसून पडली असेल म्हातारी!” मागून कुणीतरी बोललं.

चीफनं ओडुओरीकडं पाहिलं. भोंग्याची यंत्रणा त्यानं बनवलेली. पायथन या संगणकी भाषेत लिहिलेली कोरुटीनची, म्हणजे एकमेकींची वाट बघणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, साखळी. पहिली कडी आकडा घेते, दुसरी चाळते, तिसरी भोंगा वाजवते. हातात आकडा पडेपर्यंत प्रत्येक कडी गप्प थांबून राहते.

चाळणी त्यानं मार्चमध्ये घातली. नेखेसानं ५.२ ऐवजी ५२ लिहिलं, भोंगा उगाच बोंबलला आणि गाव ओडुओरीला हसलं. तेव्हापासून नियम एकच : मागच्या मान्य आकड्यापेक्षा मीटरभर जास्त आला, की तो चुकीचा. फेका. रविवारचा पहिला आकडा यायच्या आधीच नदी दीड मीटर चढली होती. चाळणीनं तो आकडा फेकला. पुढचा प्रत्येक आकडा त्याच जुन्या आकड्याशी ताडला आणि फेकला. भोंग्याची कडी वाट बघत बसली.

सोमवारी सकाळीच हे सगळं ओडुओरीला कळलं होतं.

“बोल की इंजिनियर. आला होता आकडा?” चीफनं विचारलं.

“भोंग्यापर्यंत एकही पोचला नाही.”

शब्द न् शब्द खरा होता. वाक्य मात्र नीच होतं.

लोक खवळले. चिखलाचा गोळा नेखेसाच्या छातीवर बसला. चीफनं तिच्या अंगावरचं कामाचं पिवळं जाकीट उतरवून घेतलं. तिनं मोबाईल तेवढा मुठीत धरून ठेवला.

गर्दी पांगल्यावर ती त्याच्यापाशी आली. त्याला मान वर करवेना.

“मावशी, मी...”

तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला. रविवारचे अकरा संदेश. प्रत्येकाखाली आपोआप गेलेलं उत्तर, पहिल्या कडीत त्यानंच लिहून ठेवलेलं : ‘आकडा मिळाला. आभार. ओडुओरी.’

“हे मगाशी का नाही दाखवलंस?” त्यानं विचारलं.

नेखेसानं गळ्याशी उडालेला चिखल पुसला.

“माझं चिखलावर भागलं, पोरा. तुझ्यावर दगड पडले असते.”