पूर्णगडची रेघ

तिरडीला शेवटची गाठ बसली आणि विनीतच्या खिशातला फोन थरथरला. सकाळपासून थरथरतच होता. तो केरूनानांच्या अंगणातून माडाआड सरकला.

"काय रे, आज भोपळाही फोडला नाहीस?" मुंबईहून थोरला भाऊ दीपक विचारत होता.

"दादा, केरूनाना गेले. गाव बंद आहे."

"अरेरे. वाईट झालं. पण इकडे पडद्यावर नुसतं शून्य दिसतंय बघ. उद्या महिना संपतो. काहीतरी टाक."

विनीतने ॲप उघडलं. त्यांच्या जाळी-दोरखंडाच्या तीन दुकानांच्या विक्रीच्या तीन रेघा. दाभोळ आणि गुहागर वर चढलेल्या. पूर्णगडची, म्हणजे त्याची, तळाला चिकटलेली, लाल. या महिन्यात ज्याची रेघ सगळ्यात खाली, ते दुकान बंद, असं दीपकने गणपतीतच सांगून टाकलं होतं.

पण आज विकायचं कुणाला? सगळ्या होड्या वाळूवर होत्या. पहाटे शटर उघडलं ते एकदाच, तिरडीसाठी सुंभाची गुंडी काढायला. मयताच्या सामानाचे पैसे गावात कुणी घेत नाही. त्यानेही घेतले नव्हते.

अंगणात माणसं उठू लागली. विनीतचा अंगठा पडद्यावर घुटमळला. पैसे आपल्या खिशातून भरू. सुंभ तर खरंच गेलंय. त्याने 'सुंभ, एक गुंडी' टाकलं. ॲपने गिऱ्हाइकाचं नाव मागितलं. यादीत पहिलंच होतं: केरू तांडेल. त्याने तेच दाबलं.

रेघ उचलली गेली. हिरवी झाली.

"विन्या, आज तरी ठेव की मेला तो फोन!" नानांचा पुतण्या संदेश ओरडला. "ये, खांदा दे."

विनीत धावत गेला. बांबू खांद्यावर घेतला. तेवढ्यात संदेशच्या हातातला फोन वाजला. फोन नानांचा, त्यावरूनच तो सकाळपासून पाव्हण्यांना कळवत होता. कुणाचा निरोप असेल म्हणून त्याने मोठ्यानेच वाचला.

"केरू तांडेल, सुंभ एक गुंडी. खरेदीबद्दल आभार. पुन्हा या."

संदेशने तिरडीच्या गाठींकडे पाहिलं, मग विनीतकडे.

तिरडी हलली. कोरं सुंभ विनीतच्या मानेला टोचत होतं. त्याने मान हलवली नाही.